पहिली कुस्ती आजाशी

(माजी विद्यार्थी स्नेहमेळाव्यात केलेले भाषण)



संयोजकांचा फोन आला तेव्हा ते म्हणाले, "तू 'संस्कार' या विषयावर दहा-पंधरा मिनिटं बोल." मी म्हटलं, बाबांनो, संस्कारावर बोलायला आपल्यात चार निवृत्त मुख्याध्यापक आहेत. मी आयुष्यभर पुण्यात कारखान्याच्या पाळ्या केल्या. मला फक्त एकच विषय थोडाफार येतो, तो म्हणजे कुस्ती. आणि तीही मला फारशी जमली नाही, हे इथे बसलेल्या सगळ्यांना ठाऊक आहे. हजेरी घेताना आपले पी.टी.चे सर माझं नाव न घेता "पैलवान" म्हणायचे आणि सगळा वर्ग हसायचा. कारण माझी शरीरयष्टी तेव्हा ज्वारीच्या धांड्यासारखी होती. पैलवान माझा आजा होता. त्या नावाच्या सावलीत मी शाळेची दहा वर्षं काढली.

तेव्हा आज मी त्या आजाविषयी आणि आमच्या घरातल्या एका रीतीविषयी बोलणार आहे. ती रीत माझ्या हातून तुटली होती. म्हणून हे थोडं कबुलीजबाबासारखंही होईल, तेवढं सांभाळून घ्या.

आपल्या लहानपणी गावात मारुतीच्या देवळामागे आखाडा होता, तो तुम्हाला आठवत असेल. पहाटे चारला आजा मला उठवायचा. थंडीत गोधडीतून निघायचं जिवावर यायचं, पण बुढ्यापुढे बोलायची कुणाची छाती नव्हती. आखाड्यात गेल्यावर आधी फावड्याने हौदा खणायचा. पोरांना वाटायचं हे बिनपगारी काम आहे. खांदे आणि कंबर त्या खणण्यातच तयार होतात, हे पुढे कळलं. आपल्याकडची जमीन काळी कपाशीची. ती ओली झाली की चिखल आणि वाळली की ढेकूळ, तिच्यात कुस्ती होत नाही. म्हणून आजा आणि त्याचे सोबती तांबडी माती बैलगाडीने आणायचे, बारीक चाळायचे, तिच्यात हळद, ताक, लिंबू आणि तेल घालायचे. त्या मातीचा वास मला अजून कुठेही ओळखता येतो.

मग जोर, बैठका, आणि शेवटी लढत. लढतीच्या आधी सलामी, आणि मूठभर माती समोरच्याच्या अंगावर टाकायची. मी आजाला विचारलं होतं, माती काहून टाकायची? तो म्हणाला, "घामानं हात निसटतो. त्याला तुला धरता आलं पाहिजे, अन् तुला त्याला." पुढे कारखान्यात, युनियनमध्ये, भावकीच्या भांडणात मी हे वाक्य बरेचदा आठवलं आहे. समोरच्याला धरायला जागाच ठेवायची नाही, अशी भांडणं फार पाहिली.

आता ती रीत सांगतो. आमच्या घरात लेकरू सहा वर्षांचं झालं की नागपंचमीच्या दिवशी त्याची पहिली कुस्ती लागायची, आणि ती आजाशी. आजा नसेल तर बापाशी. सगळी आळी पाहायला यायची. माझी कुस्ती १९७५ सालच्या नागपंचमीला झाली. आजाने रीतसर सलामी दिली, मला थोडं झुलवलं, कानात सांगितलं, "आता पाय धर." मी पाय धरला आणि एवढा मोठा पैलवान धाडकन पाठीवर पडला. लोकांनी टाळ्या वाजवल्या, रेवड्या उधळल्या. मी हात वर करून नाचायला लागलो.

पण आजा उठेना. तसाच आभाळाकडे पाहत पडून राहिला. मी घाबरलो. तो हळूच म्हणाला, "लेका, मला कोण उठवीन?" मी हात दिला. उठल्यावर तो पाठ करून माझ्यापुढे खाली बसला, "आता माती झाड." मी माझ्या इवल्या हातांनी त्याची पाठ झाडली. मग त्याने लोकांना सांगितलं, "आता जिंकला." पाडलं तेव्हा नव्हे, पाठ झाडली तेव्हा.

दहा वर्षांचा होईपर्यंत मी आजाला खरंच पाडलं, असंच समजत होतो. मग एका मोठ्या पोराने माझा भ्रम फोडला. मी रागाने आजाला जाब विचारला. तो हसला आणि म्हणाला, "माझा आजाबी पडला होता." एवढंच.

मित्रांनो, आपण दहावीत होतो, ते वर्ष आठवा. १४ ऑगस्ट १९८४ रोजी खाशाबा जाधव अपघातात गेले. पेपरात ती बातमी वाचून आजाने दुसऱ्या दिवशी जोर काढले नाहीत. आम्हा पोरांना ओट्यावर बसवून त्याने खाशाबांची गोष्ट सांगितली. ती आजच्या लेकरांना सांगण्यासारखी आहे, म्हणून थोडक्यात सांगतो.

कराडजवळचं गोळेश्वर हे त्यांचं गाव. वडील दादासाहेब स्वतः पैलवान. खाशाबा त्यांचा सगळ्यात धाकटा मुलगा. मातीचे पहिले धडे घरातच, बापाच्या हाताखाली. १९४८ साली लंडन ऑलिंपिकमध्ये ते गादीवर लढले आणि सहावे आले. १९५२ च्या हेलसिंकी ऑलिंपिकला जायला पैसे नव्हते. गावकऱ्यांनी वर्गणी केली, आणि कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी स्वतःचं घर गहाण ठेवून सात हजार रुपये दिले. खाशाबांनी कांस्यपदक आणलं. स्वतंत्र भारताचं ते पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक. त्यानंतर दुसरं यायला १९९६ साल उजाडावं लागलं. गावी परतले तेव्हा शंभराहून अधिक बैलगाड्यांची मिरवणूक निघाली. आणि आल्यावर त्यांनी काय केलं? कोल्हापुरात कुस्त्या लावल्या आणि त्या पैशातून प्राचार्यांचं घर सोडवलं. माझा आजा पदकाचा भाग पटकन सांगायचा आणि घर सोडवण्याचा भाग सावकाश सांगायचा. माती झाडणं म्हणतात ते हेच, असं त्याचं म्हणणं.

आता माझ्या चुकीकडे येतो.

दहावीनंतर मी आय.टी.आय. केलं आणि पुण्याला गेलो. आजा गेला, मग वडीलही लवकर गेले. माझा मुलगा १९९८ साली सहा वर्षांचा झाला. आजा नाही, म्हणजे आता पडायची पाळी माझी. मला ते पक्कं माहीत होतं. पण नागपंचमीला सुट्टी मिळाली नाही. पुढच्या वर्षी ओव्हरटाइम होता. शिवाय दोन खोल्यांच्या घरात माती कुठून आणणार? राहून गेलं.

मात्र मुलगा पैलवान व्हावा ही हौस मला होतीच. मग मी आजकाल सगळे करतात तेच केलं. फी भरून त्याला एका तालमीत घातलं. मी स्वतः एकदाही लंगोट लावला नाही. पाळी सुटली की त्याला आणायला जायचो आणि दारातूनच विचारायचो, "आज किती जणांना पाडलं?" मला वाटायचं, मी परंपरा पुढे नेतोय.

तो तेरा वर्षांचा असताना एका स्पर्धेत उतरला. पहिल्याच फेरीत, मिनिटभरात चितपट झाला. ते पोरगं त्याच्यापेक्षा तयारीचं होतं, यात लाज वाटण्यासारखं काही नव्हतं. पण चार ओळखीची माणसं पाहत होती, आणि मला माझ्या आजाचं नाव आठवलं. घरी येताना स्कूटरवर मी त्याच्याशी एक शब्दही बोललो नाही. पाऊण तासाचा रस्ता होता. मागे बसलेल्या लेकराच्या मानेला अजून माती होती. दुसऱ्या दिवशी सकाळी माझ्या डब्याच्या पिशवीवर त्याचा लंगोट घडी करून ठेवलेला होता. त्यानंतर आमच्या घरात कुस्ती हा शब्द निघाला नाही. एक-दोन वर्षं नव्हे, जवळजवळ वीस वर्षं.

डिसेंबर २०१८ मध्ये जालन्याला महाराष्ट्र केसरी होती. आपल्या गावापासून जालना किती जवळ! आणि त्या वर्षी बुलढाण्याच्या वतीने लढणारा बाला रफिक शेख अंतिम फेरीत पोहोचला. तो मूळचा करमाळा तालुक्यातला, घरात कुस्ती चालत आलेली. मी मुलाला फोन केला, "येतोस का? आपल्या जिल्ह्याचा पैलवान आहे." तो म्हणाला, "तुम्ही जा, बाबा." मी एकटाच गेलो. बाला रफिकने अभिजित कटकेला हरवून गदा उचलली तेव्हा माझ्या आजूबाजूची माणसं नाचत होती. माझ्या शेजारची खुर्ची मात्र रिकामी होती.

त्याच वर्षी बीड जिल्ह्यातल्या पाटोद्याच्या राहुल आवारेने राष्ट्रकुल स्पर्धेत सुवर्णपदक जिंकलं होतं. त्याचे वडीलही पैलवान आणि त्याचे पहिले गुरू. तेव्हा मी विचार करायचो, की या बापांना जे जमलं ते मला का नाही जमलं? उत्तर अवघड नव्हतं. ते स्वतः मातीत उभे होते. मी दारात उभा होतो.

कंपनीतून स्वेच्छानिवृत्ती घेऊन मी गावी परत आलो. गेल्या उन्हाळ्यात नात सुट्टीला आली. आठ वर्षांची आहे. माळ्यावर काहीतरी शोधताना तिला आजाचा मुद्गल सापडला. तिला तो हलेना. "आबा, हे कशाचं आहे?" मग मी सगळी गोष्ट सांगितली. नागपंचमी, रेवड्या, पाठ झाडणं. ऐकून झाल्यावर तिने विचारलं, "मग माझी पहिली कुस्ती कधी?"

मी गप्प झालो. खरं सांगतो, माझ्या मनात पहिला विचार आला तो हाच, की ही मुलगी आहे. आपल्या आखाड्यात बाईमाणसाने पाऊल ठेवलेलं मी कधी पाहिलं नव्हतं. ऑलिंपिकमध्ये मुलींची कुस्ती २००४ पासून आहे. साक्षी मलिकने २०१६ मध्ये पदक आणलं, आणि तिचेही आजोबा पैलवानच होते. सांगलीला मार्च २०२३ मध्ये प्रतीक्षा बागडी पहिली महिला महाराष्ट्र केसरी झाली. हे सगळं मी पेपरात वाचून टाळ्या वाजवल्या होत्या. पण स्वतःच्या घरात प्रश्न आला तेव्हा म्हणालो, "पाहू."

माझी आई दारात तांदूळ निवडत बसली होती. ती आता ऐंशीच्या घरात आहे. ती म्हणाली, "मी या घरात आली तेव्हापासून तुझ्या आजाचं दूध आखाड्याच्या उंबऱ्यापर्यंत नेलं. रोज. आत काय असते ते मी कधी पाहिलं नाई. हिला तरी पाहू दे." आणि पुन्हा तांदूळ निवडायला लागली.

यावर काय बोलणार? मी शेतात, कडुनिंबाखाली, दहा बाय दहाचा चौकोन खणला. ट्रॉलीभर तांबडी माती आणली. नातीने आणि मी ती चाळली, हळद-ताक घातलं. आठ दिवस ती रोज माझ्यासोबत पंधरा-वीस बैठका काढायची आणि माझ्या चुका मोजायची. नागपंचमीपर्यंत थांबायला सुट्टी नव्हती, म्हणून आखजीचा दिवस ठरवला. पितरांची घागर भरायचा दिवस, म्हणजे आजाही हजर असेलच.

मुलगा आणि सूनबाई त्या दिवशी पुण्याहून आले. आईला खुर्ची टाकून मातीच्या अगदी कडेला बसवलं. नातीने सलामी दिली, माझ्या अंगावर माती टाकली. मी तिला थोडं झुलवलं आणि कानात सांगितलं, "आता पाय धर." आणि मी पडलो. छप्पन्नाव्या वर्षी पडणं सोपं नसतं, पण पडलो. पोरगी नाचली. मी आभाळाकडे पाहत पडून राहिलो. तिला गोष्ट पाठ होती. तिने हात दिला, मला उठवलं, पाठ झाडली. आई म्हणाली, "आता जिंकली."

मी कपडे उचलायला वळलो, तर मुलगा बांधावरून उठला होता. त्याने घड्याळ काढून बायकोच्या हातात दिलं आणि मातीच्या कडेला येऊन उभा राहिला. म्हणाला, "बाबा, माझी राहिलीय."

तेहतीस वर्षांचा माझा मुलगा. मी काही न बोलता सलामी दिली. त्याने माझ्यावर माती टाकली, मी त्याच्यावर टाकली. या खेपेला मुद्दाम पडायची गरजच पडली नाही. त्याने एकेरी पट काढला आणि मी आडवा. वीस वर्षांनीसुद्धा त्याचा हात डाव विसरला नव्हता. त्याने मला उठवलं. मग पाठ झाडली. सावकाश झाडली.

संध्याकाळी बांधावर बसलो असताना मी म्हणालो, "त्या दिवशी स्कूटरवर मी बोलायला पाहिजे होतं." तो म्हणाला, "हो." यापेक्षा जास्त आम्ही बोललो नाही. गरज वाटली नाही.

मंडळी, यातून नात पैलवान होईल असं मी म्हणत नाही. पुण्यात ती सध्या खो-खो खेळते. जानेवारी २०२५ मध्ये आपल्या मुलींनी आणि मुलांनी दिल्लीत खो-खोचा पहिला विश्वचषक जिंकला, तेव्हापासून तिला तेच वेड आहे. खेळू दे. परवा तिच्या शाळेतला सामना पाहायला सूनबाई गेल्या होत्या. त्यांनी फोनवर सांगितलं, की समोरच्या संघातली एक मुलगी घसरून पडली, तर आपली पोरगी तिला उठवून तिच्या फ्रॉकची माती झाडत बसली आणि त्यात स्वतः बाद झाली. तिच्या बाई रागावल्या असतील. मी इकडे माळ्यावर जाऊन आजाच्या मुद्गलाला हात लावून आलो.

म्हणून आज इतकंच सांगायचं आहे. आपण आता बहुतेक जण आजी-आजोबा झालो आहोत किंवा होण्याच्या मार्गावर आहोत. आपल्याकडे द्यायला पुष्कळ आहे, आणि आपण ते सांगत बसतो. आमच्या वेळी असं होतं, तुमच्या वेळी तसं नाही. लेकरं ऐकत नाहीत, मग आपण मोबाइलला दोष देतो. सांगून फार थोडं पोहोचतं. सोबत खेळून पोहोचतं. कुस्तीच पाहिजे असं नाही. लंगडी असेल, विटीदांडू असेल, कबड्डी असेल, तुमच्या घरी जे चालत आलं ते. पण फी भरून दारात उभं राहू नका, मी राहिलो होतो. आत उतरा. गुडघे दुखतात तर बसून खेळा. पहिल्या खेपेला त्यांना जिंकू द्या. आणि ती हरतील त्या दिवशी घरी येताना रस्ताभर बोला. काहीही बोला, पण बोला.

एक सूचना संयोजकांपुढे ठेवतो. पुढच्या वर्षीचा मेळावा उन्हाळ्याच्या सुट्टीत ठेवावा आणि नातवंडांना घेऊन यावं. सकाळी भाषणं नकोत. आपल्या शाळेच्या मैदानावर आजी-आजोबा विरुद्ध नातवंडं असे सामने लावू. पंच म्हणून आपल्या पी.टी.च्या सरांनी बसावं. त्यांची शिट्टी अजून तेवढीच खणखणीत आहे, हे मघाशी आपण ऐकलं. मातीची ट्रॉली माझ्याकडून.

सर, तुम्ही मला दहा वर्षं "पैलवान" म्हणालात. तेव्हा मी चिडायचो. आज पहिल्यांदा त्या हाकेला "हजर" म्हणावंसं वाटतं.